अकरा मेसेज आणि एक आडनाव

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

पुण्यात राहतो, वय ४९. २०१४ साली आम्ही कॉलेजच्या चार मित्रांनी पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या चाहत्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. आता ८४ जण आहेत, अ‍ॅडमिन मी. दरवर्षी १५ सप्टेंबरला, बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइटच्या स्मृतिदिनी, माझ्या गच्चीवर जमून एक अल्बम अथपासून इतिपर्यंत ऐकतो. गेल्या महिन्यात एकाने, बँड पूर्वीच सोडलेल्या रॉजर वॉटर्सच्या भाषणाची क्लिप टाकली. 'याला गाणं म्हणायला सांगा, अक्कल शिकवू नको म्हणावं,' असं दुसऱ्याने लिहिलं आणि गाडी बघता बघता आपल्या इथल्या पक्षांवर आली. आमचा कीबोर्ड वाजवणारा, पंचवीस वर्षांपासूनचा मित्र, राजकारणामुळे ग्रुप सोडून गेला. मी सगळे मेसेज डिलीट केले आणि नियम केला: फक्त संगीत, राजकारण नाही. सध्या फक्त मीच लिहू शकतो. तेव्हापासून शुकशुकाट आहे. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा फक्त संगीत होतं. मुलगी (वय १९) म्हणते, 'बाबा, इतकी वर्षं तुम्ही ऐकत काय होतात?' रॉकमध्ये राजकारण आणावंच का? माझं चुकलं का? डिलीट करण्याआधी काढलेले स्क्रीनशॉट जोडले आहेत.

उत्तर:

स्क्रीनशॉट पाठवलेत हे फार बरं केलंत. पत्र दोनदा वाचलं, स्क्रीनशॉट चारदा. पत्रात एक गोष्ट आहे आणि स्क्रीनशॉटमध्ये दुसरीच, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

रात्री १० वाजून ५२ मिनिटांनी क्लिप पडते. त्यानंतर अकरा मेसेज आहेत. पहिल्या नऊंमध्ये युक्रेन आहे, गाझा आहे, आपल्याकडचे दोन पक्ष आणि तीन पुढारी आहेत, एक जुना घोटाळा आहे, आणि 'तू स्वतः मतदान करतोस का ते सांग' हा आपला हुकमी प्रश्नही आहे. तुमचा कीबोर्डवाला मित्र या सगळ्यात आहे. नऊपैकी तीन मेसेज त्याचेच, आणि एकाच्या शेवटी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा. दहावा मेसेज त्याच्या मतावर नाही, आडनावावर आहे. 'तुमच्याकडून दुसरी काय अपेक्षा, आडनावातच आलं सगळं.' अकरावा मेसेज म्हणजे तिसऱ्याच कुणीतरी टाकलेला अंगठा. तो ११ वाजून २१ मिनिटांनी. ११ वाजून २५ मिनिटांनी तुमचा मित्र बाहेर.

राजकारण तो अर्धा तास मजेत खेळत होता. त्याला जे लागलं ते त्या शेवटच्या चार मिनिटांत. त्या चार मिनिटांत ८४ जणांपैकी कुणीही एक शब्द लिहिला नाही. तुम्हीही नाही. मग दुसऱ्या दिवशी तुम्ही अकराही मेसेज एकाच झाडूने झाडून टाकलेत. ज्याने आडनाव काढलं तो आणि ज्याचं काढलं तो, दोघेही तुमच्या नियमाच्या लेखी सारखेच 'राजकारण करणारे' ठरले. पहिला अजून ग्रुपमध्ये आहे, हे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत. ते मला सभासदांच्या यादीच्या स्क्रीनशॉटवरून कळलं.

हे टोचून बोलायचं म्हणून लिहीत नाही. रात्री साडेअकराला फोन हातात घेऊन 'आता मी काय लिहू' असं म्हणत बसलेला माणूस मला दिसतो. पण तुम्ही विचारलेला प्रश्न, रॉकमध्ये राजकारण असावं का, हा त्या रात्रीचा प्रश्नच नव्हता. तरी विचारलात, आणि मला त्यात रस आहे, तर बोलूच.

'आम्ही कॉलेजात होतो तेव्हा फक्त संगीत होतं.' मी तुमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. आमच्याकडे माझा भाऊ काळ्या घोड्याच्या रिदम हाऊसमधून एक कॅसेट आणायचा आणि तिच्यावरून सहा जण कोऱ्या कॅसेटवर भरून घ्यायचे. शब्द छापलेला कागद त्या सहांच्या वाट्याला कधीच आला नाही. निम्मे शब्द आम्ही कानाला लागतील तसे म्हणायचो, उरलेल्या निम्म्यांच्या जागी नुसता सूर. शब्दच कळत नव्हते, तर शब्दांतलं राजकारण काय कळणार? शिक्षणबिक्षण नको म्हणणारी, फ्लॉइडच्या 'अनदर ब्रिक इन द वॉल'मधली ती ओळ तुमच्याही हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये परीक्षेच्या आदल्या रात्री ठोकली गेली असेलच. १९८० साली तेच गाणं दक्षिण आफ्रिकेतली मुलं म्हणत होती. वर्णभेदी सरकार देत असलेल्या निकृष्ट शिक्षणाविरुद्ध त्यांनी शाळांवर बहिष्कार टाकला होता, आणि सरकारने त्या गाण्यावर बंदी घातली. रेकॉर्ड तीच. तिकडे बंदी, इकडे बादली वाजवून कोरस.

तुम्ही २००७ मध्ये मुंबईत वॉटर्सला ऐकलंत, तिकीट अजून लॅमिनेट करून ठेवलंय म्हणता. त्याच दौऱ्यात तो इराक युद्धावरून बुश आणि ब्लेअर यांना नाव घेऊन सुनावणारं गाणं म्हणत होता. तेव्हा तुमच्यापैकी कुणी 'याला अक्कल शिकवू नको म्हणावं' असं म्हटल्याचं आठवतं का? नसेलच म्हटलं. बुश आपला कोण लागत होता? थॅचर, व्हिएतनाम, फॉकलंड, सगळं सात समुद्रांपलीकडचं, म्हणून ते आपल्याला गिटारच्या आवाजाचाच एक भाग वाटायचं. अलाबामातल्या माणसाला तसं वाटत नव्हतं. नील यंगने अमेरिकेच्या दक्षिणेतल्या वर्णद्वेषावर गाणी केली, तेव्हा लिनर्ड स्किनर्ड या दक्षिणेतल्याच बँडने १९७४ मध्ये गाण्यातच त्याचं नाव घेऊन उत्तर दिलं. आपण पुण्यात एकाच पार्टीत दोघांच्याही गाण्यांवर नाचलो. अण्णा भाऊंची 'माझी मैना' आपण हल्ली डोळे मिटून विरहाचं गाणं म्हणून ऐकतो. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत बसलेल्या माणसाला बेळगाव-कारवार त्यातून वेगळं काढून दाखवावं लागत नव्हतं. अंतर पडलं की राजकारण सुरांत मिसळून जातं. जवळ आलं की तेवढंच कानाला खटकतं, आणि मग आपण म्हणतो, हे मधेच कुठून आलं.

तेव्हा तुमच्या मुलीचा प्रश्न रास्त आहे. फक्त तिलाही एक गोष्ट सांगा. तिच्या वयात (आणि माझ्याही त्या वयात) असं वाटतं, की रॉक म्हणजे बंडखोरी आणि बंडखोरी म्हणजे आपल्या बाजूची. तसं नाही. १९७६ च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या मंचावरून दारूच्या नशेत एरिक क्लॅप्टन स्थलांतरितांविरुद्ध बरळला आणि इनॉक पॉवेल या त्याच विचारांच्या ब्रिटिश पुढाऱ्याला पाठिंबा देऊन मोकळा झाला. ज्याचं निम्मं आयुष्य काळ्या माणसांच्या ब्लूजवर उभं, तो. त्याला उत्तर दिलं ते चाहत्यांनी. रेड सॉन्डर्स हा छायाचित्रकार आणि त्याच्या दोस्तांनी संगीत साप्ताहिकांना एक पत्र लिहिलं, त्यातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली, आणि ३० एप्रिल १९७८ ला लंडनमध्ये ट्रफाल्गर स्क्वेअरपासून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत हजारोंचा मोर्चा गेला, आणि तिथे क्लॅश हा बँड वाजवायला. चाहत्यांनी आपल्या लाडक्या गिटारवाल्याशी राजकारणावरून भांडण्याला पन्नासेक वर्षांची परंपरा आहे, एवढंच मला म्हणायचंय. तुमचा ग्रुप फार काही वेगळं करत नव्हता, दहाव्या मेसेजपर्यंत.

चौथ्या मेसेजमध्ये कुणीतरी लिहिलंय, 'गिल्मर बघा, निमूट वाजवतो.' गिल्मर म्हणजे फ्लॉइडचा गिटारवादक. हा गैरसमज फ्लॉइडच्या चाहत्यांत इतका पक्का आहे की इथे दोन ओळी खर्च करतेच. गिल्मरने २०१९ मध्ये आपल्या गिटारी लिलावात काढल्या, दोन कोटी डॉलरहून जास्त आले, ते सगळे हवामानबदलावर कोर्टात लढणाऱ्या संस्थेला दिले. २०२२ च्या एप्रिलमध्ये तो आणि ड्रमर निक मेसन यांनी पिंक फ्लॉइडच्या नावावर युक्रेनसाठी गाणं काढलं. पुढच्या फेब्रुवारीत रशियाच्या निमंत्रणावरून वॉटर्स संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत बोलला. त्याच सुमाराला गिल्मरच्या बायकोने, पॉली सॅमसनने, वॉटर्सवर ज्यूद्वेषाचा जाहीर आरोप केला, गिल्मरने तिला दुजोरा दिला आणि वॉटर्सने तो साफ फेटाळला. दोघेही राजकारण करतात. एकाचं तुमच्या त्या सभासदाला पटतं, म्हणून ते त्याला ऐकू येत नाही.

वॉटर्सबद्दल माझं मत विचाराल तर मिश्र आहे. शेवटच्या मोठ्या दौऱ्यात तो कार्यक्रमाआधीच पडद्यावर सूचना लावायचा, की 'फ्लॉइड आवडतं पण रॉजरचं राजकारण सोसत नाही' अशा लोकांनी खुशाल बारमध्ये चालतं व्हावं, आणि तेही शिवी घालून. पैसे भरून आलेल्या माणसाला हे सांगणं मला उर्मटपणाचं वाटतं. पण त्याचा बाप १९४४ मध्ये इटलीत अँझिओला मारला गेला तेव्हा तो पाच महिन्यांचा होता. 'द वॉल'मधून आणि त्याच्या पुढच्या अल्बममधून ते युद्ध काढून टाका, मग काय उरतं ते मला दाखवा. त्याची आजची भूमिका पटो न पटो, तुम्ही गच्चीवर जे ऐकता ते या राजकारणातूनच आलंय.

आता तुमच्या बाजूने बोलते, कारण तुमचा नियम अगदीच चुकीचा नाही. माणसं दमलेली असतात. दिवसभर ऑफिसात तेच, बसमध्ये तेच, घरी टीव्हीवर तेच. एखाद्याला संध्याकाळी एखादी जागा अशी हवी असते की जिथे कुणी त्याला 'तुझी बाजू कुठली' असं विचारणार नाही. अशी जागा राखणं हे काम आहे आणि ते तुम्ही अकरा-बारा वर्षं फुकट केलंत. भजनी मंडळाचा, ट्रेकिंगचा, दहावीच्या बॅचचा ग्रुप चालवणारे कितीतरी जण मला हेच लिहितात. 'आमच्यात राजकारण नको' एवढं एकमताने ठरत असेल आणि सगळ्यांना सारखं लागू होत असेल, तर खुशाल तसा ग्रुप चालवावा. त्यात कमीपणा नाही.

पण सारखं लागू होतं का, ते बघा. तुमच्याच पाचव्या स्क्रीनशॉटमध्ये, नियमानंतर आणि ग्रुप बंद करण्याआधीच्या चार दिवसांत, एका नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत, शाई लावलेलं बोट आहे आणि सीमेवरच्या जवानांचा दोन मिनिटांचा व्हिडिओ आहे. ते राहिलेत. उडालंय ते फक्त तुमच्या मुलीच्या वयाच्या एका सभासदाने लिहिलेलं, 'मेंढ्यांवरचं ते गाणं सध्या सारखं ऐकतेय, का ते सांगायला नको.' (फ्लॉइडचं 'शीप', निमूट मागे चालणाऱ्या माणसांवरचं.) यात तुम्ही मुद्दाम काही केलंत असं मी म्हणत नाही. सवयीचं राजकारण आपल्याला राजकारण वाटतच नाही, घरातल्या वासासारखं. पण बाहेरून आलेल्याला दारातच कळतं.

वेगळा ग्रुप काढा, 'फ्लॉइड आणि राजकारण', असं तुम्हाला कुणीतरी सुचवलंय. नका काढू. त्यात भांडायला आवडणारे दहाच जण जातात आणि महिन्याभरात तिथे फ्लॉइड उरत नाही. सगळंच मोकळं सोडणं हाही उपाय नाही. सकाळी उठून सत्तर फॉरवर्ड बघायचे असतील तर त्यासाठी प्रत्येकाचा नातेवाइकांचा ग्रुप आहेच.

माझं म्हणणं असं, की नियम विषयावर ठेवू नका, बोलण्याच्या रीतीवर ठेवा. गाण्याला धरून बोला. जे गाणं, जी ओळ, जो अल्बम हातात आहे तिथून निघून कुठेही जा, मुंबईला जा नाहीतर दिल्लीला जा, पण निघा तिथून. आणि स्वतःच्या शब्दांत लिहा. या दोन अटींत वॉटर्सच्या भाषणाची नुसती चिकटवलेली क्लिप बसत नाही, पुढाऱ्याचा वाढदिवस बसत नाही, मेंढ्यांचं गाणं मात्र बसतं. फॉरवर्ड पाठवायला एक बोट लागतं, चार ओळी लिहायला दहा मिनिटं. निम्मी भांडणं त्या दहा मिनिटांतच विरतात. रात्री अकरानंतर काही तापलं तर अ‍ॅडमिनने सकाळपर्यंत ग्रुपला कुलूप लावावं, त्यात कुणाला राग यायचं कारण नाही.

जात, धर्म, आडनाव, घरातली माणसं, यांवर कुणी गेलं तर ती चर्चा नव्हे. तिथे सकाळची वाट बघू नका. तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, एक ओळ लिहा: 'हे इथे चालणार नाही, मागे घे.' मग डिलीट करा. आधी डिलीट आणि नंतर नियम असं केलंत तर काय घडलं हे कुणालाच कळत नाही, आणि ज्याला लागलं त्याला वाटतं आपल्याबरोबर कुणी नव्हतं.

'उद्या पोलिसात गेलं तर अ‍ॅडमिनला धरतात' ही भीती पत्रात एका कंसात आहे. त्याबद्दल थोडंसं: मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात म्हटलंय, की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा संगनमताचा हेतू नसेल तर, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येणार नाही. यावर कुणी सहीशिक्का मारून दिलेला नाही, प्रत्येक प्रकरण वेगळं. पण निदान या धास्तीपोटी ८३ जणांची तोंडं बंद ठेवू नका.

एवढे मतभेद असताना एकत्र वाजवता येतं का? रामोन्स या अमेरिकी पंक बँडचं बघा. गिटारवादक जॉनी कट्टर रिपब्लिकन, गायक जोई त्याच्या अगदी उलट. १९८५ मध्ये रीगन जर्मनीत बिटबुर्गच्या लष्करी दफनभूमीत गेले, जिथे एसएस या नाझी दलाच्या सैनिकांच्याही कबरी होत्या. जोई संतापला आणि त्यावर गाणं झालं. जॉनीला आपल्या राष्ट्राध्यक्षाची अशी टिंगल खपेना. गाणं राहिलं, अमेरिकेतल्या अल्बमवर त्याचं नाव तेवढं बदललं. २२ वर्षांत २,२६३ कार्यक्रम केले त्यांनी, एकाच व्हॅनमधून फिरून. फार आदर्श ठेवण्यासारखं मात्र नाही हे: बरीच वर्षं दोघे एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्याचं मुख्य कारण रीगन नसून एक मुलगी होती. भांडणाचं कारण म्हणून जे सांगितलं जातं ते आणि खरं कारण, यांत असं अंतर पुष्कळदा असतं. अकरा मेसेजमध्येही होतं.

आता मित्र. त्याला 'परत ये' म्हणायला फोन करू नका. ग्रुपचं, नियमाचं, पंधरा सप्टेंबरचं काही काढू नका. 'त्या रात्री मी वाचलं आणि गप्प बसलो' एवढं वाक्य म्हणा आणि तो काय म्हणतो ते ऐका. कदाचित तो म्हणेल, 'सोड रे, त्यात काय.' ते खरं मानू नका. आडनाव काढणाऱ्यालाही वेगळं गाठा, चहावर, मेसेजवर नको. त्याने तुमच्या मित्राला स्वतः फोन करून माफी मागावी. ते जमत नसेल तर या वर्षी त्याला गच्चीचं आमंत्रण नाही, असं स्वच्छ सांगा. 'दोघांपैकी एकच येईल' असा पेच तुम्ही मांडलाय, पण दोघांचे अपराध सारखे नाहीत, त्यामुळे हा पेच वाटतो तेवढा अवघड नाही. वाईटपणा घ्यावा लागेल एवढंच.

गच्चीसाठी माझी एक आगाऊ सूचना. या वर्षी 'अ‍ॅनिमल्स' लावा. राइटच्या स्मृतिदिनी नेमका तो अल्बम, ज्यात एकाही गाण्यावर राइटचं नाव नाही, हे मला कळतंय, तरी लावा. कुत्रे, डुकरं, मेंढ्या, सगळे आहेत, आणि प्रत्येकाला शेजारचा माणूस त्यातला कोण ते लगेच ओळखता येतं. शब्द मोठ्या टायपात छापून प्रत्येकाच्या हातात द्या, पन्नाशीच्या डोळ्यांना वाचता येतील असे. फोन पोळ्यांच्या डब्यात. एकेचाळीस-बेचाळीस मिनिटं कुणी बोलायचं नाही. नंतर काय बोलायचं ते बोला. मुलीला बोलवा, तिला शब्द आधीच पाठ असतील.

शेवटचं, स्क्रीनशॉटच्या वरच्या कोपऱ्यात तुमच्या ग्रुपचा डीपी दिसतो. फ्लॉइडचे चौघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे, लंडनचं हाइड पार्क, २ जुलै २००५. 'द वॉल'च्या वेळी वॉटर्सने राइटला बँडबाहेर काढलं होतं, त्या दौऱ्यात तो पगारी वादक म्हणून वाजवत होता. त्यानंतर चोवीस वर्षांनी चौघे पहिल्यांदा आणि शेवटचे एका मंचावर आले ते 'लाइव्ह एट'साठी, म्हणजे श्रीमंत देशांच्या जी-एट बैठकीवर दबाव आणून गरीब देशांचं कर्ज माफ करायला लावण्यासाठी. 'राजकारण नाही' असा नियम लावलेल्या ग्रुपच्या कपाळावर तो फोटो आहे.

डीपी बदलू नका. फोन आजच करा, दुपारी, रात्री नको. आणि कीबोर्ड घेऊन ये असं पहिल्याच फोनमध्ये म्हणू नका. गच्ची तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि इतकी वर्षं तो एकटाच वर चढवत होता असं तुम्हीच लिहिलंय.